खोट्या नाण्याची पारख

ख्रिस्ती जीवनातील आध्यात्मिक संकटे हा विषय मुखपृष्ठावर दिसला म्हणजे आपल्याकडील भाविक वाचक आत काय असेल याचा अंदाज पान उलटण्यापूर्वीच बांधून मोकळा होतो: मद्यपान असेल, जुगार असेल, कुसंगती असेल, रविवारच्या उपासनेस न येणाऱ्यांची चांगली हजेरी घेतलेली असेल, आणि शेवटच्या प्रकरणात तरुण पिढीच्या अधःपाताविषयी एक कळवळ्याचे भाषण असेल. अशा अपेक्षेने ज्यांनी हे पुस्तक हाती घेतले असेल त्यांची निराशा होणार आहे, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे. ज्याने दारू सोडली आहे किंवा तिला कधी हातच लावला नाही, जो पहाटे उठून शास्त्रवाचन करतो, वर्गणी थकू देत नाही, आजाऱ्याच्या घरी न बोलावता जातो, आणि ज्याच्याविषयी मंडळीत सहसा कोणी वावगा शब्द काढीत नाही, अशा माणसाची संकटे पुढील पानांत वर्णिलेली आहेत. बाहेरचा चोर आला तर कुत्रा भुंकून खबर देतो. घरातल्याच कोणी तिजोरीला हात घातला तर तो शेपूट हलवीत बसतो. मला जे सांगावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रकारच्या चोरीविषयी आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लहानशा अभ्यासमंडळापुढे लागोपाठ आठ शनिवार मी काही टिपणे वाचली. दोन निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, एक धर्मभगिनी, बँकेत नोकरी करणारा एक तरुण, आणि दर वेळी उशिरा येऊन सर्वांत अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या एक वृद्ध बाई, एवढाच काय तो श्रोतृसमाज. टिपणे छापावीत असा आग्रह झाला तेव्हा मी पुष्कळ दिवस टाळाटाळ केली. ती टाळाटाळ विनयामुळे होती की आग्रह आणखी थोडा व्हावा या इच्छेमुळे होती, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही, आणि हे वाक्य येथे लिहिण्यामागचा माझा हेतू तरी पुरता निर्मळ आहे काय, याविषयीही सातवे प्रकरण वाचलेल्या वाचकाला शंका घेता येईल.

या विवेचनाचे मूळ इजिप्तच्या वाळवंटात आहे. चौथ्या शतकात, रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माचा छळ थांबवून त्याला राजाश्रय दिल्यानंतर, अनेक स्त्री-पुरुष नगरे सोडून नील नदीच्या पश्चिमेच्या ओसाड प्रदेशात जाऊन राहिले. नित्रिया, केलिया आणि स्केतिस ही त्यांच्या वस्त्यांची नावे इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी केलियामध्ये चौदा वर्षे राहून इ. स. ३९९ मध्ये मृत्यू पावलेला एवाग्रिओस हा या पुस्तकाचा खरा सूत्रधार होय. हा मनुष्य जन्मतःच विरक्त होता असे मुळीच नाही. काळ्या समुद्राच्या काठच्या पोंतस प्रांतात सुमारे ३४५ साली तो जन्मला. संत बासिलने त्याला वाचकपद दिले, नाझियांझसच्या ग्रेगोरीने डीकनपद दिले, आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या धामधुमीत वादपटू म्हणून त्याची कीर्ती राजधानीत पसरली. त्याच शहरात एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन बसले. आपल्याला कैद करून बेड्या घातल्या आहेत असे स्वप्न पडून तो तेथून निघाला, यरुशलेमेस आला, तेथे पुन्हा उंची वस्त्रांच्या आणि मानमरातबाच्या नादी लागला, सहा महिने तापाने अंथरुणास खिळला, आणि अखेर मेलानिया नावाच्या साध्वीने त्याच्याकडून सर्व हकीकत वदवून घेतली तेव्हा कोठे त्याने इजिप्तची वाट धरली. वैद्यांना जे निदान झाले नाही ते एका स्त्रीने प्रश्न विचारून केले, ही गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

वाळवंटात हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरणाऱ्या या पंडिताने स्वतःच्या मनाचे दप्तर असे तपशीलवार तपासले की, त्याची निरीक्षणे वाचताना सोळाशे वर्षांचे अंतर मध्ये आहे याचा विसर पडतो. माणसाला प्रार्थनेपासून ढळविणाऱ्या आठ गोष्टी त्याने सांगितल्या: खादाडपणा, व्यभिचार, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लोकेषणा आणि गर्व. पुढे योहान कासियान याने ही यादी लॅटिन भाषेत नेली, पोप थोरल्या ग्रेगोरीने तिची फेरमांडणी केली, आणि सात प्रमुख पापांची जी यादी आज सर्वत्र प्रसिद्ध आहे ती त्यातूनच निघाली. मात्र त्या प्रवासात एक महत्त्वाची गोष्ट गळून पडली. एवाग्रिओस या आठ गोष्टींना पापे म्हणत नव्हता. तो त्यांना 'विचार' म्हणत असे. हे विचार मनात यावेत की न यावेत हे आपल्या हाती नाही, परंतु त्यांनी तेथे बिऱ्हाड करावे की नाही हे मात्र आपल्या हाती आहे, असा त्याचा सिद्धांत होता.

आपल्या वाचकाला येथे षड्रिपूंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही, आणि ती योग्यच आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर यांची नावे ज्या भाषेत लहान मुलाच्याही कानांवरून गेलेली असतात, आणि स्वतःच्या मनाशी अहोरात्र चाललेल्या झुंजीची कबुली ज्या भाषेत तुकोबांसारख्या संताने भर समाजात दिली, त्या भाषेत हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. तरीसुद्धा 'रिपू' आणि 'विचार' या दोन शब्दांतला भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे. रिपू म्हटला की त्याचा झेंडा वेगळा, त्याचा पोशाख वेगळा. तो वेशीवर आला की नगारा वाजवून दरवाजे बंद करता येतात. विचार आपल्याच आवाजात बोलतो. तो आपली काळजी वाहतो, आपल्या हिताची गोष्ट सांगतो, आणि पुष्कळदा तर शास्त्रातील वचनाचा आधारही देतो.

उदाहरणार्थ, खादाडपणा म्हणजे पंचपक्वान्नांची हाव असे आपण समजतो. एवाग्रिओसच्या निरीक्षणाप्रमाणे उपास करणाऱ्या माणसाच्या मनात मिष्टान्नाचे नावही न घेता हा विचार येतो तो असा: तुझे यकृत बिघडेल, प्लीहा वाढेल, जलोदर होईल, आणि या रानात वैद्य कोठून आणणार? द्रव्यलोभाचेही तसेच आहे. तो सोन्याच्या राशी दाखवीत नाही. लांबलेले म्हातारपण, काम न होणारे हात, दुष्काळ, दुखणे, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज, एवढेच तो दाखवतो. निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडीत बसलेल्या माझ्यासारख्याला या यादीत एकही अनोळखी कलम सापडत नाही. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९१७ मध्ये, मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडणाऱ्या ना. वा. टिळकांना यांपैकी कोणते कलम कोणी वाचून दाखविले नसेल? व्यभिचाराच्या विचाराविषयी येथे काही लिहीत नाही. त्या बाबतीत संकट ओळखण्याची अडचण सहसा नसते, अडचण असते ती पुढची.

सर्वांत अधिक वेळ मात्र मी सहाव्या प्रकरणावर घालविला आहे. मूळ ग्रीक शब्द 'अकेडिया'. त्याचा व्युत्पत्तीने अर्थ 'काळजी नसणे' असा होतो. मध्ययुगात त्याचे भाषांतर 'आळस' असे होऊन बसले आणि विषयाची फार हानी झाली, कारण अकेडियाने ग्रासलेला माणूस कित्येकदा दिवसभर विलक्षण उद्योगी असतो. मी 'उबग' हा शब्द पत्करला आहे. 'वीट' हाही चालला असता. एवाग्रिओसने याचे जे वर्णन केले आहे ते असे: सकाळी दहाच्या सुमारास हा विचार येतो आणि दुपारी दोनपर्यंत वेढा घालून बसतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा झाला आहे असे वाटते. तपस्वी खिडकीतून डोकावतो, बाहेर येऊन भोजनाची वेळ व्हायला किती अवकाश आहे ते उन्हावरून पाहतो, कोणी येत आहे काय म्हणून इकडेतिकडे नजर टाकतो. मग ही जागा नकोशी होते, हातचे काम नकोसे होते. बंधुवर्गात आता पूर्वीचे प्रेम उरले नाही, आपले दुखणेखुपणे कोणी विचारीत नाही, असे वाटू लागते. आणि त्याच सुमारास अलीकडे कोणी मन दुखविले असेल तर तेही आठवते. दुसरे एखादे ठिकाण डोळ्यांपुढे उभे राहते, जेथे देवाची सेवा अधिक चांगली होईल. देव काय, सर्वत्र आहे, असा सिद्धांतही हा विचारच पुरवितो.

हे वर्णन वाचून झाल्यावर आमच्या मंडळात बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी परिचारिका बाई म्हणाल्या, "म्हणजे बदलीचा अर्ज." सगळे हसले, पण त्या हसल्या नाहीत. वीस वर्षे एकाच रुग्णालयात राबल्यावर आपण तीन वेळा बदलीचा अर्ज लिहिला, तिन्ही वेळा अर्जात 'अधिक सेवा करता यावी म्हणून' असे कारण लिहिले, आणि तिन्ही वेळा ते कारण खरे वाटले होते, असे त्यांनी सांगितले. मंडळी बदलणारे, पंथ बदलणारे, दर दोन वर्षांनी नव्या प्रार्थनासभेत जुनीच साक्ष देणारे आपल्यापैकी पुष्कळजण असतील. त्यांतले काही खरोखरच देवाच्या हाकेने उठले असतील आणि काही दुपारच्या उन्हाने. दोघांची पावले सारखीच पडतात. म्हणून तर ओळखण्याचा प्रश्न.

या उबगाला वाळवंटातील लोक 'मध्याह्नीचे भूत' म्हणत. हे नाव त्यांनी स्तोत्र ९१ मधून घेतले. मूळ इब्री वचनात भर दुपारी होणाऱ्या संहाराचा उल्लेख आहे, त्या ठिकाणी प्राचीन ग्रीक भाषांतराने भूत घातले. आता याच स्तोत्राचा दुसरा इतिहास पाहा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन खाली उडी टाकावयास सांगतो, आणि देवदूत तुला हातांवर झेलतील असे जे आश्वासन देतो ते त्याच्या पदरचे नसून अक्षरशः या स्तोत्रातीलच आहे. ज्या स्तोत्रात संकटाचे नाव नोंदलेले आहे, त्याच स्तोत्राचा दाखला संकट स्वतःची सनद म्हणून पुढे करते! पवित्र शास्त्राचे ज्ञान हेच संकटावरचे पुरेसे औषध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या प्रसंगातल्या दोन्ही पक्षांना शास्त्र पाठ होते एवढे तरी विसरू नये.

आणि ही उडी केवळ दृष्टांतातली नव्हे. कासियानने हेरोन नावाच्या एका वृद्ध तपस्व्याची हकीकत नमूद केली आहे. पन्नास वर्षे वाळवंटात काढलेला हा मनुष्य उपासाच्या नियमात इतका कडक होता की, पुनरुत्थानाच्या सणालाही तो बांधवांच्या पंक्तीला जात नसे. तेवढ्याने व्रतात शैथिल्य आल्यासारखे होईल ही त्याची धास्ती. अखेर देवदूताच्या रूपाने कोणी त्याच्याकडे आले आणि त्याला सांगितले की तुझे पुण्य एवढे आहे की तुला आता कशापासून अपाय होणार नाही, प्रचीती पाहायची तर या विहिरीत उडी टाक. त्याने मध्यरात्री उडी टाकली. बांधवांनी अर्धमेल्या स्थितीत त्याला मोठ्या कष्टाने वर काढले, तिसऱ्या दिवशी तो मरण पावला, आणि मरेपर्यंत आपण फसलो हे त्याने मान्य केले नाही. मला या गोष्टीत विहिरीपेक्षा ती पंगत अधिक भयंकर वाटते. विहीर एका रात्रीची. पंगतीला न जाणे हे वर्षानुवर्षांचे. ज्याने पानावर बसून चार बांधवांच्या डोळ्यांपुढे घास घेतला असता, त्याला तो देवदूत दिसल्याची गोष्ट कोणाला तरी सांगावी लागली असती.

वाळवंटातील वडीलधाऱ्यांनी या फसवणुकीवर जो उपाय सांगितला त्याला ते 'विवेक' म्हणत, आणि तो समजावताना त्यांनी धर्मपीठावरची उपमा न घेता बाजारातली घेतली. सराफ व्हा, असे त्यांचे सांगणे होते. येशूच्या तोंडचे म्हणून जे एक वाक्य चार शुभवर्तमानांत नाही, पण प्राचीन ख्रिस्ती लेखक ज्याचा वारंवार हवाला देतात, तेही निपुण सराफ होण्याविषयीचेच आहे. कासियानच्या ग्रंथात अब्बा मोशे नावाचा तपस्वी ही उपमा चांगली तपशीलवार चालवितो. एक नाणे दिसायला सोन्याचे पण आत पितळ. दुसऱ्याचे सोने खरे, पण त्यावरचा मुखवटा खऱ्या राजाचा नसून बंडखोराचा. सैतानाने उच्चारलेले स्तोत्र हे या जातीचे. तिसरे बेकायदा टांकसाळीत पाडलेले: अवेळी केलेला उपास, न झेपणारे जागरण, ज्याच्यामागे कोणा वडिलांची अनुज्ञा नाही असे व्रत. चौथ्याचे सर्व काही खरे, फक्त वजन कमी भरते; लौकिकाच्या गंजाने ते खाल्लेले असते. आपल्या महाराष्ट्रात पेशवाईच्या काळी अंकुशी, चांदवडी, हाली असे नाना शिक्क्यांचे रुपये एकाच पेठेत चालत, आणि कोणत्यावर किती बट्टा घ्यावयाचा हे सराफाला नाणे बोटांवर घोळविताच कळे. त्या पिढीच्या वाचकाला अब्बा मोशेचे हे व्याख्यान टीपेवाचून समजले असते. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ज्या 'परीक्षे'चा रोज उच्चार करतो तो शब्द आणि सराफाची 'पारख' हा शब्द एकाच धातूतून आलेले आहेत, ही आपल्या भाषेची मला मोठी देणगी वाटते. परीक्षा आपली होत असते. पारख आपण करावयाची असते.

ही पारख कशी करावी याचा सर्वांत मनोरंजक दाखला मला इग्नाती लोयोला याच्या आत्मकथनात सापडला. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत पायाला गोळा लागून जायबंदी झालेला हा सरदार, तिशी उलटल्यावर, बार्सेलोना येथे लहान मुलांच्या शेजारी बसून लॅटिन व्याकरण शिकू लागला. शब्द पाठ करावयास बसले की त्याच्या मनात आध्यात्मिक विषयांचा नवा प्रकाश पडे, नवी गोडी उत्पन्न होई, आणि पाठ बाजूला राही. एखाद्या सामान्य भक्ताने देवाचे आभार मानून पुस्तक मिटले असते. इग्नातीने मात्र विचार केला तो असा: मी प्रार्थनेला बसतो, मिस्सेला जातो, तेव्हा एवढा प्रकाश पडत नाही, तो नेमका व्याकरणाच्याच वेळी का पडावा? त्याने शिक्षकाला सान्ता मारिया देल मारच्या देवळात नेले, सर्व प्रकार सांगितला, आणि अन्नपाणी मिळते तोवर दोन वर्षे एकही पाठ चुकविणार नाही असे वचन दिले. त्यानंतर तो प्रकाश थांबला. वस्तू चांगली आहे की वाईट एवढेच पाहून भागत नाही, ती केव्हा आली आणि कशाच्या जागी आली हेही पाहावे लागते. आणि पाहून झाले की ते कोणाला तरी सांगावे लागते. शत्रू हा चोरट्या जारासारखा असतो, गुप्तता हाच त्याचा आश्रय, असे इग्नातीने पुढे आपल्या साधनेच्या पुस्तकात नमूद केले, त्याचे बीज मला त्या व्याकरणाच्या वर्गात दिसते.

आपल्या घरचा दाखला पंडिता रमाबाईंचा. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे शारदा सदन चालवीत असताना, अनाथ व विधवा स्त्रियांसाठी अहोरात्र खपत असताना, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविलेली ती बुद्धी शुभवर्तमानाचा अभ्यास करीत असताना, सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला लाभलेला नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे निःसंकोचपणे सांगितले आहे. यात पाप कोणते होते? कोणीही दाखवून दिले नसते, कारण दाखवावयास काही नव्हते. श्रम होते, विद्या होती, त्याग तर अपरंपार होता, आणि या सर्वांच्या मध्यभागी एक रिकामी जागा होती जी बाहेरून कोणाला दिसली नसती. इतक्या कीर्तिमान व्यक्तीने, जिच्या धर्मांतरावर दोन खंडांत वाद झाले होते, आपल्या त्या पहिल्या आठ वर्षांविषयी असे लिहावे, हे धैर्य मला धर्मांतराच्या धैर्याहून कमी वाटत नाही.

लोकेषणेचे सातवे प्रकरण लिहिताना मला सर्वांत जास्त त्रास झाला. उपनिषदांनी पुत्रैषणा आणि वित्तैषणा यांच्या पंक्तीस बसविलेला हा शब्द ग्रीक मुळातील 'पोकळ कीर्ती'ला इतका चपखल बसतो की, तो वापरण्याचा मोह मला आवरला नाही. बाकीचे सात विचार हरले म्हणजे हा जिंकतो; किंबहुना ते हरल्याची बातमी हाच पसरवितो. कासियान म्हणतो की जुने लोक याला कांद्याची उपमा देत: एक पापुद्रा काढावा तो खाली दुसरा. त्यानेच सांगितलेली एका भिक्षूची गोष्ट अशी की, एक वृद्ध त्याला भेटावयास गेला असता आतून पुटपुटणे ऐकू आले. शास्त्रवाचन चालले असेल म्हणून तो दाराशी थांबला, तर आत हे महाशय एकटेच काल्पनिक जनसमुदायापुढे प्रवचन करीत होते आणि शेवटी डीकनच्या थाटात दीक्षार्थींना निरोपही देत होते. दार उघडल्यावर, आपण केव्हा आलात, असे त्याने ओशाळून विचारले. "दीक्षार्थींना निरोप चालला होता तेव्हा," वृद्ध म्हणाला.

मी त्या भिक्षूला हसू शकत नाही. काही वर्षांपूर्वी मी पहाटेच्या प्रार्थनेची एक वही ठेवीत असे. तारीख, वेळ, वाचलेला अध्याय, किती मिनिटे. हेतू प्रामाणिक होता, नियमितपणा यावा एवढाच. ती वही मी मेजाच्या खणात ठेवीत असे, मग मेजावर ठेवू लागलो, आणि एके दिवशी पाहुणे यावयाचे असताना आमच्या मावशींनी केर काढता काढता विचारले, "अरे, ही वही आज उघडी कशी?" मी उत्तर दिले नाही. मावशींनी वही मिटून खणात टाकली आणि केर काढणे पुढे चालू ठेवले. त्यांनी एवाग्रिओसचे नाव कधी ऐकले नव्हते, आणि पुढेही त्यांना ते ऐकविण्याचे धारिष्ट मला झाले नाही.

तेव्हा उपाय एकच, आणि तो कोणालाच आवडत नाही: मनातला विचार दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखविणे. आपल्या कॅथॉलिक बांधवांना पापनिवेदनाच्या संस्काराची वहिवाट आहे, परंतु तेथे केलेले पाप सांगण्याची सवय असते, आलेला विचार सांगण्याची क्वचित. आम्हां प्रॉटेस्टंटांकडे साक्ष देण्याची पद्धत आहे, पण साक्षीत संकट नेहमी भूतकाळातलेच असते आणि साक्षीदार त्यातून पार पडलेला असतो. चालू संकटाची जबानी देण्याची जागा दोघांकडेही जवळजवळ रिकामीच आहे. अर्थात ऐकणारा कोण हेही पाहिले पाहिजे. कासियाननेच एका तरुणाची कथा दिली आहे. वासनेच्या विचारांनी बेजार होऊन त्याने एका म्हाताऱ्यापुढे मन मोकळे केले, आणि त्या कोरड्या तपस्व्याने त्याची अशी निर्भर्त्सना केली की तो निराश होऊन संसारात परतावयास निघाला. वाटेत त्याला अब्बा अपोल्लो भेटला. त्याने तरुणाला एक दिवस थांबवून घेतले आणि त्या म्हाताऱ्याच्या झोपडीजवळ जाऊन प्रार्थना केली की, तरुणाची ही परीक्षा म्हाताऱ्याकडे जावो. थोड्याच वेळात म्हातारा वेड्यासारखा बाहेर आला आणि त्याच वाटेने गावाकडे धावू लागला. आमच्या मंडळातील वृद्ध बाईंना ही गोष्ट एवढी आवडली की त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

याच संदर्भात एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. प्रत्येक खिन्नता हे आध्यात्मिक संकट नव्हे. ज्याची झोप महिनोन् महिने उडाली आहे, ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याला खिन्नतेचे प्रकरण वाचावयास देऊन 'अधिक प्रार्थना कर' असे सांगणे हा क्रूरपणा आहे. त्याला वैद्याकडे न्यावे, आणि घरच्यांनी त्याच्यासोबत जावे. एवाग्रिओसच्या तापावर मेलानियाचे प्रश्न लागू पडले म्हणून सर्व तापांवर प्रश्नच लागू पडतात असे नाही.

स्वतः एवाग्रिओसच्या नशिबी पुढे काय आले तेही सांगितले पाहिजे. त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास, ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती पंडिताच्या मतांबरोबर त्याच्या काही तात्त्विक मतांचाही निषेध झाला. त्याचे ग्रंथ ग्रीक भाषेत नाहीसे होऊ लागले. प्रार्थनेविषयीचे त्याचे पुस्तक नीलोस नावाच्या दुसऱ्या तपस्व्याच्या नावाखाली वाचले गेले, आणि आठ विचारांना शास्त्रवचनांनी उत्तर देणारा, सुमारे पाचशे कलमांचा त्याचा ग्रंथ मुळात नष्ट होऊन सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांत तेवढा उरला. सिरियाक ही केरळातील संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांची शतकानुशतकांची उपासनाभाषा. संकटांची नोंदवही लिहिणाऱ्यालाच पुढच्या पिढ्यांनी संकट ठरविले, आणि तरीही त्याची वही टाकून देणे कोणाला परवडले नाही. त्याच्या तात्त्विक मतांचा कैवार घेण्याची माझी योग्यता नाही. मी त्याच्याकडून घेतले आहे ते फक्त मनाचे निरीक्षण, आणि तेही जेथे माझ्या वा माझ्या श्रोत्यांच्या अनुभवाशी ताडून पाहता आले तेथेच.

क्रोधाविषयीचे पाचवे प्रकरण सर्वांत लहान आहे. प्रार्थनेला डोळे मिटताच ज्याने आपले मन दुखविले त्याचा चेहरा समोर येऊन उभा राहतो, एवढे एवाग्रिओसचे निरीक्षण नोंदविल्यावर अधिक लिहावयास फारसे उरले नाही. मनात अढी ठेवून प्रार्थना करणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे, असे तो म्हणतो. उपासनामंदिराच्या जागेचे आणि विश्वस्तपदाचे दावे ज्यांनी कोर्टात लढविले आहेत, त्यांना त्या रांजणाची गळती चांगली ठाऊक असेल.

वाचकाला एक विनंती. पुस्तक वाचीत असता कोणा परिचिताचा चेहरा पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागेल. अमुक प्रकरण त्याच्यासाठीच लिहिले आहे असे वाटेल, आणि ते त्याला द्यावे अशी कळकळही उत्पन्न होईल. अवश्य द्यावे. मात्र पेन्सिलीच्या खुणा करून देऊ नये, आणि देण्यापूर्वी सातवे प्रकरण स्वतः एकदा पुन्हा वाचावे.